सिल्व्हर नायट्रेटची जुनी बाटली, काळी पडलेली बोटं आणि माझे प्रश्न

चोपड्याची लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

जूनपासून चोपडा तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागले आहे. माझ्या आधी या जागेवर असलेले भाऊ निवृत्त झाले आणि रसायनांच्या कपाटाची किल्ली थेट माझ्या हातात आली. बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आली म्हणून परवा कपाट आवरायला घेतलं. मागच्या रांगेत सिल्व्हर नायट्रेटची २५ ग्रॅमची तपकिरी बाटली सापडली. अर्ध्याहून जास्त भरलेली. वरचे खडे करडे-काळपट, आतले मात्र पांढरेशुभ्र. लेबलवरचं वर्ष पुसलंय.

मी काय केलं ते खरं खरं सांगते. हातमोजे नव्हते, तसेच चमच्याने खडे मोकळे केले. साधारण दोन ग्रॅम ऑफिसातल्या आर.ओ.च्या १०० मिली पाण्यात विरघळवले, तर पाणी ताक घातल्यासारखं पांढुरकं झालं. टेबल खिडकीशी आहे. संध्याकाळपर्यंत त्यावर जांभळट झाक आली. रात्री घरी कळण्याच्या भाकरी थापायला बसले तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं तपकिरी दिसली. सकाळी उठले तर काळी. साबण झाला, लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली. आई सारखी हात धरून बघतेय.

हे डाग जातील का, आणि शरीरात काही अपाय तर झाला नसेल ना? पाणी पांढरं का झालं? बाटली चांगली आहे की गेली? टाकायची तर कुठे? नव्या बाटलीची किंमत ऐकून प्राचार्य गप्पच बसले, त्यामुळे "टाकून द्या, नवी आणा" एवढं सांगून माझं भागणार नाही. मुलांच्या हातात देण्याआधी मला हे नीट समजून घ्यायचं आहे.

पारोळ्याचा भाऊ

ताई, मन्हा बी हात कालेजमा असाच काया व्हई ग्यात. पंधरा दिनमा आपसूक ग्यात. घासू नका, फक्त डोयाले हात नका लावू.

भुसावळ जंक्शन

बोटाला शाई लागली, मतदान झालं! ताई, काळजी करू नका, चांगली माणसं उत्तर देतील.

निवृत्त मास्तर

पोरी, आधी हातांचं. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर पडलं की कातडीतल्या मिठाशी आणि प्रथिनांशी त्याची गाठ पडते, आणि उजेड लागला की त्यातून चांदीचे बारीक कण सुटे होतात. ते कण काळे दिसतात. बोटावर आहे ती चांदीच, फक्त इतकी बारीक की चकाकत नाही. ती वरच्या मेलेल्या कातडीत अडकलेली आहे. कातडी झडते तशी जाईल, आठ-पंधरा दिवस धर. आग होत नसेल, फोड नसेल, तर आत काही झालेलं नाही, आईला तसं सांग. लिंबू-राखेने घासून कातडी सोलू नकोस. त्या सोललेल्या जागी पुन्हा हे द्रावण लागलं तर मात्र चांगलंच झोंबेल.

आता पाण्याचं. आर.ओ.चं पाणी शुद्ध असतं हा गैरसमज मी पस्तीस वर्षं खोडत आलो. आर.ओ. बरंचसं मीठ काढतं, सगळं नाही. राहिलेल्या मिठातल्या क्लोराइडशी सिल्व्हर नायट्रेट भिडलं की सिल्व्हर क्लोराइड बनतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून पांढरा गढूळपणा. उजेडात तेच जांभळट होतं. म्हणजे तू नकळत क्लोराइडची परीक्षा घेतलीस आणि ती अगदी बरोबर आली.

ते द्रावण फेकलं नसशील तर ठेव. हिशेब मांडून पाहा. आर.ओ.च्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोराइड आहे असं धरलं, तर तुझ्या १०० मिलीत ५ मिलिग्रॅम. तेवढ्याने जेमतेम २४ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट खाल्लं. दोन ग्रॅममधून सव्वा टक्काही नाही. रात्रभर अंधारात निवळू दे, वरचं पाणी गाळून घे. गुणात्मक परीक्षांना, म्हणजे एखादी गोष्ट आहे की नाही एवढंच बघायला, ते चालेल.

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणलास तरी आधी परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन त्यात या द्रावणाचे दोन थेंब टाक. नितळ राहिलं तर घे, नाहीतर कॅन परत कर. आम्ही दरवर्षी हेच करायचो आणि दुकानदारही ओळखून चांगला कॅन वेगळा काढून ठेवायचा.

बाटलीबद्दल रात्री लिहितो, नातवाला शाळेतून आणायचंय.

सराफ कट्टा

ताई, मी जळगावचा, तीन पिढ्या सोन्या-चांदीत. प्राचार्यांना एक गोष्ट सांगा. सिल्व्हर नायट्रेटमध्ये वजनाने साडेत्रेसष्ट टक्के चांदी असते. २५ ग्रॅमच्या भरल्या बाटलीत जवळजवळ १६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा (११.६६ ग्रॅम) आणि वर सव्वाचार ग्रॅम शुद्ध चांदी. म्हणूनच तिचा भाव सराफ बाजाराबरोबर वर-खाली होतो. ती बाटली चुन्या-मिठाच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवायची वस्तूच नाही. कुलपात ठेवा आणि वहीत ग्रॅममध्ये नोंद ठेवा.

आमच्याकडे ही वस्तू बाटलीतून येत नाही, कामातच तयार होते. जुन्या दागिन्याचं सोनं शुद्ध करायचं तर त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून आटवतात, पत्रा पातळ करतात आणि शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, उकळतात. चांदी विरघळून जाते, सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहतं. ते जे पाणी वर राहतं ते सिल्व्हर नायट्रेटचं. त्यात तांब्याची पट्टी सोडली की पट्टीवर चांदी बुरशीसारखी उगवते आणि पाणी निळं होत जातं. लहानपणी मी तासन् तास ते बघत बसायचो.

पण त्यातला धूर फार वाईट. तांबूस-तपकिरी रंगाचा. माझ्या काकांनी एकदा बंद खोलीत हे काम केलं. तेव्हा नुसता खोकला आला, चहा प्यायले, जेवले. मध्यरात्री श्वास लागला आणि दवाखान्यात चार दिवस काढावे लागले. डॉक्टर म्हणाले, हा धूर फुप्फुसात उशिरा काम दाखवतो. म्हणून इथे कुणी वाचून घरी चांदीचं नाणं तेजाबात टाकून बघू नका. हात जोडून सांगतो.

केळीवाला रावेर

ढगात फवारतात ते हेच का? पाऊस लांबला की आमच्या पारावर दर वर्षी हा विषय निघतो.

निवृत्त मास्तर

केळीवाले भाऊ, ते सिल्व्हर आयोडाइड. नायट्रेटचं चुलत भावंड म्हणा. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाशी मिळतीजुळती असते, त्यामुळे ढगातल्या अतिथंड थेंबांना त्याच्याभोवती गोठायला आधार मिळतो. बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ साली हे दाखवलं. पण आधी ढग असावा लागतो. कोऱ्या आभाळातून ते पाऊस काढू शकत नाही.

आता बाटलीचं. शुद्ध, कोरडे खडे नुसत्या उजेडाने फारसे काळे पडत नाहीत. त्यांत धूळ, कागदाचे तंतू, बुचाचा भुगा, बोटांचा घाम असं काही सेंद्रिय गेलं की काळपटपणा येतो. तुझे वरचे खडे करडे आणि आतले पांढरे, याचा अर्थ बूच वारंवार उघडलं गेलं. माल मेलेला नाही. वरचे खडे वेगळे काढ, त्यांचं द्रावण करून गाळून रोजच्या परीक्षांना वापर. आतले पांढरे खडे अनुमापनासाठी, म्हणजे थेंब थेंब मोजून प्रमाण काढायच्या प्रयोगासाठी, राख. कागदावर तोलू नकोस, वॉच ग्लासवर, म्हणजे काचेच्या बशीवर, तोल. धातूचा चमचाही नको; लोखंड आणि तांबं यातली चांदी बाहेर काढतात. प्लास्टिकचा किंवा काचेचा चमचा घे.

भुसावळ जंक्शन

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कपाटात वितळणार नाही ना?

निवृत्त मास्तर

२१२ अंशांना वितळतं. तेवढा उन्हाळा अजून भुसावळलाही आला नाही. उष्णतेपेक्षा उजेड आणि शेजार सांभाळा. हे ऑक्सिडीकारक आहे, स्वतः जळत नाही पण दुसऱ्याला जाळायला मदत करतं. स्पिरिट, ॲसिटोन, कापूस, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची पूड, अमोनिया, यांपैकी काहीही त्याच कप्प्यात नको.

जुना स्टुडिओ

मास्तरांनी बोटावरच्या चांदीबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही. धुळ्यात आमचा स्टुडिओ होता, वडिलांचा. डार्करूममध्ये मी दहाव्या वर्षापासून.

ताई, तुमच्या बोटावर जे झालंय तो एक फोटोच आहे. कृष्णधवल फिल्म आणि कागदावर सिल्व्हर ब्रोमाइड असायचं, आणि ते करायला सुरुवात सिल्व्हर नायट्रेटपासूनच व्हायची. उजेड पडलेल्या जागी डेव्हलपरमध्ये काळी चांदी तयार होते. उजेड न पडलेल्या जागचं सिल्व्हर ब्रोमाइड हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून नेतं. उरतं ते चित्र. हायपो काळ्या चांदीला हात लावत नाही, म्हणून तर आजोबांचे फोटो आजही भिंतीवर आहेत. त्याच कारणाने तुमचे आता काळे झालेले डाग हायपोने जाणार नाहीत. द्रावण सांडल्या-सांडल्या, रंग यायच्या आत हात भरपूर पाण्याने धुतले तर डाग पडतच नाही. वडील म्हणायचे, आधी पाणी, मग विचार.

एक मात्र कळकळीने सांगतो. पूर्वी काही जुने फोटोग्राफर हे डाग काढायला पोटॅशियम सायनाइड वापरत. कुणी म्हातारा माणूस आठवणीने हा उपाय सांगेल, तर तो तिथेच थांबवा. डाग पंधरा दिवसांत जातो. सायनाइडने गेलेला माणूस परत येत नाही.

आणि वापरलेला हायपो आम्ही कधी गटारात ओतला नाही. झारेकरी यायचा आणि कॅन घेऊन जायचा. त्यातून तो चांदी काढायचा. वडिलांना त्याचे थोडे पैसे मिळत, ते आईला भाजीला.

सराफ कट्टा

झारेकऱ्यांची आठवण काढलीत, बरं वाटलं. आमच्या दुकानासमोरची माती झाडून नेणारे होते, त्यातून सोन्याचा कण न् कण काढायचे. नव्या पोरांना हा शब्दही माहीत नाही.

बेधडक शिरपूर

एवढं काय घाबरवताय तिला? आम्ही बी.एस्सी.ला उघड्या हाताने वापरलं, पिपेट तोंडाने ओढली. काही झालं नाही. आता हातमोजे, चष्मा, कुलूप. मुलांना रसायनशास्त्राची भीतीच बसेल.

पाणी तपासणी

बेधडकजी, असहमत. मी जळगाव जिल्ह्यात पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते, दिवसाला वीस-पंचवीस नमुन्यांचं क्लोराइड याच रसायनाने काढते. बोट काळं झालं तर पंधरा दिवसांनी निघतं, डोळ्याचं तसं नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीच्या डोळ्यात ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली मापाची उभी काचनळी, भरताना थेंब उडाला. आम्ही तिला नळाखाली धरलं, पापण्या उघड्या ठेवून पंधरा मिनिटं पाणी मारलं आणि मग डॉक्टरकडे नेलं, म्हणून डोळा वाचला. ब्युरेट खांद्याच्या वर ठेवून भरत होती, एवढीच चूक. ब्युरेट खाली घेऊन भरायची, चष्मा लावायचा. यात भीती नाही, सवय आहे. तोंडाने पिपेट ओढण्याबद्दल तर मी काही लिहितच नाही, ते बंद झालं हेच चांगलं.

लेक, तुला उपयोगी पडेल म्हणून आमचं काम सांगते. ५० मिली पाणी घ्यायचं, पोटॅशियम क्रोमेट १ मिली टाकायचं, पाणी पिवळं होतं. ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे लिटरला २.३९५ ग्रॅम, ब्युरेटमधून सोडत जायचं. क्लोराइड आहे तोवर पांढरा साका पडत राहतो. क्लोराइड संपलं की पुढचा थेंब क्रोमेटला भेटतो आणि पिवळ्यावर विटकरी झाक येते. तिथे थांबायचं. या मापात गणित सोपं पडतं: नुसत्या डिस्टिल्ड पाण्याला लागतं तेवढं वजा केलं की १ मिली म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम क्लोराइड. पाणी फार आम्लधर्मी किंवा फार अल्कधर्मी असेल तर उत्तर चुकतं, सामू (पीएच) ७ ते १० मध्ये आणून घ्यावा लागतो. मोर यांची ही पद्धत १८५६ सालची, आणि आजही गावोगावच्या बोअरचं पाणी आम्ही हिनेच तपासतो.

केळीवाला रावेर

म्हणजे माझ्या रिपोर्टमधला तो आकडा असा निघतो! मागच्या वर्षी नव्या बोअरचं क्लोराइड ३२० आलं होतं. पानांच्या कडा करपत होत्या, मी खताला दोष देत होतो. पिण्याला चालेल का ते पाणी?

पाणी तपासणी

भाऊ, पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. ३२० ला चव थोडी मचूळ लागेल. केळीला मात्र खारं पाणी सोसत नाही. विहिरीचं पाणी असेल तर दोन्ही मिसळून ठिबकला द्या, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना आणा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरा. गेल्या महिन्यात एकाने लोणच्याच्या बरणीत नमुना आणला होता. त्या दिवशी ब्युरेट दोनदा भरावी लागली.

पारोळ्याचा भाऊ

लोणचानी बरनी! भलतंच.

सिस्टर नंदुरबार

मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेली नर्स. औषधाची बाजू कुणीतरी लिहायला हवी.

हे रसायन दवाखान्यातही होतं आणि आहे. टोकाला सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या काड्या येतात, त्यात ७५ टक्के सिल्व्हर नायट्रेट आणि २५ टक्के पोटॅशियम नायट्रेट. नाकातून सारखं रक्त येणाऱ्याच्या नेमक्या शिरेवर, किंवा बाळाच्या बेंबीत नाळ पडल्यावर लाल ओलसर गाठ राहते तिच्यावर, डॉक्टर ती काडी क्षणभर टेकवतात. आजूबाजूच्या कातडीला आधी मलम लावावं लागतं, नाहीतर ती भाजते. सातपुड्यातल्या पाड्यांवरून बाया अशी बाळं घेऊन यायच्या. काडी लावल्यावर बेंबी काळी झाली की घाबरायच्या. मी प्रत्येकीला आधीच सांगून ठेवायचे, मावशी, काळं होईल, पुसू नका, गळून पडेल.

त्याही आधी नवजात बाळाच्या डोळ्यात याचे थेंब घालत. लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८१ साली २ टक्क्यांचा थेंब घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि आईकडून लागणाऱ्या परम्याच्या संसर्गाने आंधळी होणारी कितीतरी बाळं वाचली. पुढे ते प्रमाण १ टक्क्यावर आलं आणि मग प्रतिजैविकांची मलमं आली.

हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी की टक्केवारी बदलली की हेच औषध जाळणारं होतं. चामखीळ जाळायला म्हणून कुणी लॅबमधून खडा मागायला येईल. तालुक्याच्या गावात हमखास येतात. देऊ नकोस बाळा. ओळखीचा असला तरी देऊ नकोस.

अमळनेरकर

सिस्टर, एक विचारतो. व्हॉट्सॲपवर "चांदीचं पाणी" म्हणून बाटल्या विकतात, रोज चमचाभर प्या म्हणतात. आमच्या आजी चांदीच्या भांड्यात पाणी प्यायच्या, त्यातलंच का हे? आजी ९१ वर्षं जगल्या.

सिस्टर नंदुरबार

भांड्याची गोष्ट वेगळी. धातूच्या चांदीतून पाण्यात उतरते ती नगण्य. बाटलीतून रोज चांदी पोटात घेणं वेगळं. ती शरीरात साचते, कातडी निळसर-राखाडी होते आणि तो रंग पुन्हा जात नाही. आर्जिरिया म्हणतात त्याला. बोटावरचा डाग वरच्या कातडीतला, म्हणून झडतो. हा आतला, कायमचा.

सराफ कट्टा

आजींच्या भांड्याला माझा नमस्कार. भांडं विका म्हणून कुणी मागे लागलं तरी देऊ नका.

गुरुजी एरंडोल

अवांतर, पण विषयातलंच. निवडणुकीच्या ड्युटीवर मी बोटाला शाई लावायला बसलो आहे. त्या शाईतही सिल्व्हर नायट्रेटच. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात ती बनते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. दिवसभर लावून माझ्याच अंगठ्याला एवढी लागली की पुढे दोन आठवडे वर्गात मुलं विचारत होती, गुरुजी, तुम्ही कितीदा मत दिलं? त्या निमित्ताने सातवीच्या वर्गाला सिल्व्हर क्लोराइड शिकवून टाकलं. नखावरची रेघ वाढत वाढत टोकाला जाते, ती पोरांनी दर सोमवारी मोजपट्टीने मोजली. नख महिन्याला किती वाढतं ते त्यांना त्यातून कळलं.

निवृत्त मास्तर

गुरुजी, हे फारच छान. नखाचा प्रयोग मला पस्तीस वर्षांत सुचला नाही.

लेक, आता टाकाऊ द्रावणाचं, कारण वर कुणी त्याला उत्तर दिलेलं नाही. बेसिनमध्ये ओतायचं नाही. चांदी माशांना आणि पाण्यातल्या बारीक जीवांना फार विषारी असते, आणि आपल्याकडची गटारं शेवटी नाल्यातून तापीलाच मिळतात. एक मोठी तपकिरी बरणी ठेव. परीक्षानळीतलं सगळं तिच्यात. बॅच संपली की मिठाचं पाणी घाल, चांदी पांढरी होऊन तळाशी बसेल. वरचं नितळ पाणी काढ, साका जमवत राहा. टेबलावर सांडलं तरी हेच, मिठाचं पाणी टाकून पुसून घे, तो बोळाही बरणीतच.

सराफ कट्टा

आणि तो साका सोड्याबरोबर मुशीत आटवला की चांदीचा मणी हातात! वर्षाचा जमवा, मुलांसमोर करून दाखवा, जन्मात विसरणार नाहीत.

पाणी तपासणी

थांबा, थांबा. मास्तरांच्या बरणीला एक मोठी अट हवी. मुलं सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं का ते बघतात. ॲल्डिहाइड ओळखायला सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचा टॉलेन्स अभिकर्मक करतात, नळीत चांदीचा आरसा येतो. ही अमोनिया असलेली द्रावणं बरणीत तशीच जमवायची नाहीत. ती ठेवली की त्यात काळसर स्फोटक पदार्थ बनतो, आणि नुसत्या हलवण्यानेही उडू शकतो. मी शिकत होते त्या कॉलेजात कुणीतरी टॉलेन्सची नळी उद्यासाठी म्हणून स्टँडमध्ये ठेवली होती. सकाळी शिपाईमामांनी स्टँड उचलला आणि नळी फुटली. काच त्यांच्या मनगटात घुसली. टॉलेन्स लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच करायचा. काम झालं की लगेच भरपूर पाणी, मग विरळ नायट्रिक ॲसिड घालून आम्लधर्मी करायचं, लिटमस लाल झाला की मगच बरणीत.

क्रोमेट असलेलं द्रावणही वेगळ्या बरणीत. ते कर्करोगकारक आहे.

आणि मणी आटवण्याला माझा विरोध. भट्टी, मूस, हजार अंशांजवळचं तापमान, हे ज्युनियर कॉलेजच्या लॅबचं काम नाही.

निवृत्त मास्तर

पाणी तपासणी ताई म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. माझ्या लिहिण्यातली ही उणीव गंभीर होती, अमोनियाची अट मी पहिल्याच ओळीत घालायला हवी होती. लेक, त्यांचा प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटव.

सराफ कट्टा

मान्य ताई. आटवणं मुलांपुढे नको. कॉलेजने साका वाळवून, वजन करून, पावती घेऊन रिफायनरीला द्यावा. चार-पाच ग्रॅम का होईना, पण वहीत जमा दिसेल. तांब्याच्या तारेचा प्रयोग मात्र दाखवाच, त्याला भट्टी लागत नाही. विरळ द्रावणात तार सोडली की तासाभरात चांदीची पालवी फुटते.

बेधडक शिरपूर

शिपाईमामांचं वाचलं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. आमच्या वेळीही टॉलेन्सच्या नळ्या रात्रभर स्टँडमध्ये असायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या धुवायला एक म्हातारे भाऊच होते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

एक भर घालतो, माझ्या अनुभवातली. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे दिलेला क्षार ओळखायच्या प्रॅक्टिकलमध्ये, सगळ्यांनाच क्लोराइड यायला लागलं तर समजा की कुणीतरी सोड्याचा अर्क (क्षार सोड्याबरोबर उकळून गाळलेलं पाणी) विरळ नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिडने उदासीन केलाय. आमच्या अख्ख्या बॅचला एकदा क्लोराइड आलं होतं, सरांनी दिलेला होता सल्फेट. दोन्ही ॲसिडच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाची बुचं लावा.

वाचक साक्री

वाचनखूण साठवली. मुलगी बारावीला आहे. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइडचा साका पांढरा, फिकट पिवळा की पिवळा यात ती नेहमी गोंधळते. सोपी खूण आहे का?

गुरुजी एरंडोल

रंगावर विसंबू नका, अमोनियावर विसंबा. क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका अमोनियात चटकन विरघळतो. ब्रोमाइडचा फिकट पिवळा, तो कुरकुर करत थोडाच विरघळतो. आयोडाइडचा पिवळा, तो ढिम्म हलत नाही. आणि बघून झालं की नळी लगेच रिकामी करायची, वर ताईंनी सांगितलं तशी.

चोपड्याची लेक

सगळ्यांना मनापासून नमस्कार. नऊ दिवस लिहिलं नाही कारण करत होते.

बॅटरीच्या दुकानातला पहिला कॅन मास्तरांच्या परीक्षेत नापास झाला, दुसरा पास. आर.ओ.चं ते द्रावण निवळून गाळलं, छोट्या तपकिरी ड्रॉपर बाटल्यांत भरलं, प्रत्येकीवर तारीख. मग आतले पांढरे खडे घेतले, १.७० ग्रॅम, १०० मिलीत, म्हणजे ०.१ नॉर्मल. मीठ प्रयोगशाळेचं, ओव्हनमध्ये वाळवलेलं, ०.५८४ ग्रॅम १०० मिलीत. दहा मिली मिठाचं पाणी, क्रोमेटचे थेंब, आणि ब्युरेट खांद्याच्या खाली घेऊन भरली. पहिल्यांदा विटकरी रंग ओळखता आला नाही, पुढे गेले. नंतरच्या तीन वेळा १०.२, १०.२, १०.३. मला वाटतं माल ९८ टक्के आहे. मास्तर, बरोबर ना?

प्राचार्यांनी आकडे पाहिले, सराफ दादांचा चांदीचा हिशेबही वाचला. नवी बाटली या वर्षी नको असं ठरलं, त्या पैशातून चष्मे आणि नायट्राइल हातमोजे आले. कुलूपही आलं. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. चामखिळीसाठी खडा मागायला परवा एक काका आलेच. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता दिला.

बोटांवर आता फक्त नखांच्या कडेला काळं उरलंय. आईने काल हात धरून बघायचं सोडलं.

निवृत्त मास्तर

बरोबर आहे. माल पूर्ण शुद्ध असता तर दहा मिलीला दहाच लागले असते, म्हणून दहा भागिले दहा पूर्णांक दोन. बाटलीवर तारीख, ९८ टक्के आणि तुझी सही घाल. पुढच्या वर्षी पुन्हा तपास.

चोपड्याची लेक

घातली. उद्या पहिली बॅच आहे, चोवीस मुलं. मिठाच्या पाण्याची बाटली प्रत्येक टेबलावर ठेवली आहे, आणि टॉलेन्स मी समोर उभी राहून करून घेणार आहे.

पारोळ्याचा भाऊ

ताई, पोरेसले सांगज्या, डोयाले हात नका लावू.